मधात कोण बोलून राह्यलं?

आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी अजूनही कोणी न विचारता सांगतो, आणि कोणी विचारलं तर दोनदा सांगतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांना यात विशेष काही दिसणार नाही. न दिसो. त्यांच्या भिंती आधीच भरल्या आहेत.

चंद्रपूरच्या कॉलेजातून फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन पास झालो, नागपूरला कॉम्प्युटरचा छोटा कोर्स केला आणि गडचिरोलीत धानखरेदी पाहणाऱ्या एका कार्यालयात ‘संगणक सहायक’ म्हणून लागलो. ‘लागलो’ हे गावात सांगायचं. खरं म्हणजे थुंकी लावून चिकटवला होता मला. ऑर्डरवर ‘तात्पुरता’ हा शब्द माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होता.

साहेबांनी पहिल्याच दिवशी समोर उभं करून सांगितलं, “हे बघ, चंद्रपूरच्या ऑफिसात एक मशीन आहे, आपल्याकडे एक आहे. दोघी टेलिफोनच्या तारेवरून एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. हिवाळ्यात मुंबईहून मोठे साहेब बघायला येणार. त्यांच्यासमोर चंद्रपूरचे आकडे इथं छापून निघाले, तर मशीन इथंच राहील आणि तूही कायम होशील. नाही निघाले, तर मशीन दुसऱ्या जिल्ह्यात जाईल.”

“आणि मी?”

“तुला कोण नेईल?” साहेब म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. खरोखरच विचार करत होते, कोण नेईल म्हणून.

मशीनसाठी एक खोली रिकामी केली होती. त्या खोलीत अख्ख्या कार्यालयातला एकुलता एक एअर कंडिशनर बसवला होता, त्यामुळे मशीनबद्दल आदर बाळगणाऱ्यांची संख्या उन्हाळ्यात फार वाढे. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, त्यांनी मशीनला नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि दारावर पाटी लावली: चपला-जोडे बाहेर काढावेत. धूळ आत जाऊ नये म्हणून हे ठीकच होतं. पण धुळीचं कारण त्यांनी पाटीवर लिहिलं नव्हतं. त्यामुळे लोक आत येताना हातही जोडत. पाटी लावणारे बडे बाबू स्वतः मात्र जोडे घालूनच आत येत. त्यांचं म्हणणं, पाटी जनतेसाठी असते.

आता मशीन मशीनशी कशी बोलते हे सांगतो. मला त्या काळात हे इतक्यांदा सांगावं लागलं की झोपेतही सांगू शकेन.

माणूस बोलतो तेव्हा हवेत लाट उठते. टेलिफोन त्या लाटेची विजेत हुबेहूब नक्कल करतो आणि तारेत सोडतो. आवाज चढला की वीज चढते, आवाज उतरला की वीज उतरते. याला ॲनालॉग म्हणतात. ऐकायला फार प्रामाणिक पद्धत वाटते. पण तार लांबली की लाट थकते. मग तिला ताकद द्यायला वाटेत एक पेटी बसवतात. पेटी बिचारी आंधळी. लाटेसोबत वाटेत जो खरखराट मिसळला असेल, त्यालाही ती तेवढीच ताकद देते. आमच्याकडच्या उघड्या तारा जंगलातून जायच्या. सागाच्या ओल्या फांद्या त्यांना टेकायच्या, माकडं त्यांना झोके द्यायची. अशा दोन-तीन पेट्यांतून गेल्यावर आवाज मोठा यायचा खरा, पण त्यात बोलणारा किती आणि माकड किती, हे सांगणं कठीण.

हे समजायला कॉलेजात जायची गरज नव्हती, आमचं कार्यालय पुरे होतं. एकदा साहेब बडे बाबूंना म्हणाले, “चहा जरा कमी गोड करायला सांगा.” बडे बाबू शिपायाला म्हणाले, “साहेब गोड चहावर नाराज आहेत.” शिपाई बाहेर जाऊन टपरीवाल्याला म्हणाला, “साहेब तुह्यावर नाराज आहे.” टपरीवाल्यानं टपरी बंद केली, गावी निघून गेला आणि परत आला तो मोठ्या भावाला सोबत घेऊन, पेढ्यांचा पुडा हातात, माफी मागायला. साहेबांनी पेढा खाल्ला आणि बडे बाबूंना विचारलं, “हा कशाचा?” बडे बाबू म्हणाले, “तुमच्यावरच्या प्रेमाचा, साहेब.” बरं, यात कोणी खोटं बोललं का? कोणीच नाही. प्रत्येकानं आलेली लाट थोडी मोठी करून पुढं पाठवली, एवढंच.

डिजिटलमध्ये नक्कल हा प्रकारच नसतो. तिथं फक्त दोनच गोष्टी: आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. वाटेत ते कितीही मळले, तरी समोरच्याला एवढंच ओळखायचं असतं की हा ‘आहे’ होता की ‘नाही’. ओळखलं की मळकं टाकून द्यायचं आणि कोरं करकरीत नवं लिहून पुढं धाडायचं. मळ तिथंच संपतो, पुढच्याच्या अंगाला लागत नाही.

पंचाईत अशी की आमची मशीन डिजिटल आणि तार ॲनालॉग. तारेला माणसाच्या आवाजाची सवय. मशीनचे एक आणि शून्य तिच्यात तसेच ढकलले तर पुढं जाईपर्यंत त्यांचा लगदा होतो. म्हणून मध्ये मोडेम नावाची डबी लागते. ‘एक’ आला की ती एका सुरात ओरडते, ‘शून्य’ आला की दुसऱ्या सुरात. तारेला वाटतं, कोणी माणूसच गातो आहे. फार वाईट गातो आहे, पण माणूस आहे. पलीकडची डबी ते दोन सूर ओळखून त्यांचे पुन्हा एक आणि शून्य करते. आमच्या मोडेमचा वेग इतका बेताचा होता की त्याच्याइतकं भरभर बडे बाबूही लिहीत, फक्त बडे बाबू कधी लिहीत नसत.

सगळं जोडलं. चंद्रपूरला ट्रंक कॉल लावला. तिकडच्या मशीनवरच्या ऑपरेटरनं डबी चालू केली, मी इकडं केली, दोघींनी सूर लावला. मोडेमला एक छोटा स्पीकर होता, त्यातून ती किंकाळी खोलीभर घुमली. बडे बाबूंनी डोळे मिटून नमस्कार केला. आणि तेवढ्यात स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला, “हालो, हालो, गडचिरोली! लाइन खराब आहे भाऊ, काढून राह्यले मी.” खट. शांतता.

पुन्हा लावला, पुन्हा खट. तिसऱ्यांदा बाईनं दमच भरला, “काऊन जी, सांगून राह्यले न लाइन खराब आहे म्हणून? उद्या लावा.”

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या मधात एक लहानसं एक्स्चेंज होतं. गावाचं नाव लिहीत नाही. बाई आता रिटायर झाल्या असतील, पण पेन्शन सुरू असेल. तिथं हातानं पिन जोडून कॉल पुढं द्यावा लागे, आणि या बाईंची एक पद्धत होती. त्या प्रत्येक कॉल ऐकत. चोरून नाही, उघड. लाइनीवर आवाज बुडाला की त्या मधातून बोलायच्या, “भाऊ, ते म्हणून राह्यले की पोरीचं लगन जमलं, तांदूळ घेऊन शनिवारी या.” दोन्हीकडची माणसं त्यांना दुवा देत. लाइन फारच बिघडली तर त्या पिन काढून, पुसून, दुसऱ्या तारेवर टाकून देत. अर्ध्या जिल्ह्याची लग्नं, मौती आणि बदल्या त्यांच्या कानातून जाऊन नीट पोचल्या होत्या. मोडेमची किंकाळी त्यांच्या कानी पडली, आणि त्यांनी इतकी वर्षं जे चांगुलपणानं केलं तेच केलं. लाइन बोंबलते आहे असं समजून ती बंद केली.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “वर तक्रार करू.” वर तक्रार करायची म्हणजे ती बडे बाबूंच्या हातून जाणार. मला टपरीवाला आठवला. मी सुट्टी टाकली आणि सकाळच्या एस.टी.नं निघालो.

एक्स्चेंज म्हणजे कौलारू घराची एक खोली. बाईंच्या कानावर हेडफोन, समोर पिनांचा फळा आणि मांडीवरच्या सुपात सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. त्या निवडत होत्या. मी नाव आणि कार्यालय सांगितलं.

“हां, तुमीच का ते खरखरवाले?”

“ती खरखर नाही बाई, माहिती आहे.”

“भाऊ, खरखर कशी असते हे तुमी मले सांगता? तुमच्यासाठी मी पिन पुसली, फुंकर मारली, पलीकडच्या तारेवर टाकली. तिकडंही तेच. म्हटलं, या लोकायच्या नशिबातच बोलणं नाई.”

“तुम्ही पिन काढली म्हणूनच तुटलं ना.”

“मंग काढू नाई त का करू? लाइन बोंबलून राह्यली अन् मी पाहत बसू?”

मी त्यांना समजावलं. दोन मशीन आहेत, त्या बोलतात, ती बोंब म्हणजेच त्यांचं बोलणं. बाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“म्हणजे दोन मशीना बोलते अन् मी आयकाचं नाई?”

“ऐका. पण मधात बोलू नका, आणि पिन काढू नका.”

“अन् संपलं हे मले कसं समजन? माणूस असला त म्हणते, ठेवतो आता.”

“ओरडणं थांबलं की संपलं.”

“बरं, आवाज बुडाला त मी सांगू का त्याईले? हा असा म्हणून राह्यला, तो तसा म्हणून राह्यला?”

“ते तुम्हाला नाही सांगता येणार बाई.”

इथं त्या दुखावल्या. “काऊन? ट्रकवाल्याचं सांगतो, पोलीसवाल्याचं सांगतो. सिरोंच्याकडचे तेलुगू बोलते, थोडं थोडं त्यायचंही सांगतो. यायचंच काऊन नाई? असं का बोलते त्या मशीना?”

मी म्हणालो, “एक, शून्य, शून्य, एक, एक, शून्य...”

“अन् पुढं?”

“पुढं तेच.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. “बस? येवढ्यासाठी येवढी बोंब?” मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “जा भाऊ. तुमच्या कॉलात आता मी त बोलत नाईच, पण दुसऱ्या कोणालेही बोलू देत नाई.”

मी आभार मानले. त्या शेवटच्या वाक्याकडं मी लक्षच दिलं नाही.

परतताना वाटेतल्या मूल गावी उतरलो. बाबा तिथल्या एका राईस मिलमध्ये पोती उचलायचा. नव्या धानाचे दिवस होते, मिलच्या भुशानं त्याच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. मी म्हणालो, ऑफिसच्या कामानं आलो होतो.

“तुह्यं काम नेमकं का असते, हे मले अजून नाई समजलं,” बाबा म्हणाला.

मी दिवसभर समजावून थकलो होतो. सोपं करून म्हणालो, “एका मशीनचा निरोप दुसऱ्या मशीनले पोचवाचा.”

बाबानं पोतं खाली ठेवलं. “निरोप?”

हा शब्द आमच्या घरात सहज उच्चारायचा नव्हता, हे मला बोलल्यावर आठवलं. माझा आजा निरोप नेत असे. मौतीचा निरोप गावोगाव, दौंडी गल्लोगल्ली. पायी जायचं, लोकांच्या अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं आणि उभ्यानंच परत फिरायचं. धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या घरानं डफडं खाली ठेवलं ते कायमचं. बाबा तेव्हा जवान होता. गावानं त्या रागात कितीतरी दिवस कामाला बोलावलं नाही, तेही त्यानं सोसलं.

“आमी ते काम सोडलं,” बाबा म्हणाला. “तुले चंद्रपूरले ठेवून शिकवलं. अन् तू बी.एस्सी. होऊन निरोप नेतं?”

“मी नाई नेत बाबा, तार नेते.”

“तार नेते त तुले कायले ठेवलं?”

साहेबांचा प्रश्न आणि बाबाचा प्रश्न, दोन्ही एकाच गावचे निघाले.

“अन् तेही टेंपरवारी,” बाबा म्हणाला आणि पोतं पुन्हा पाठीवर घेतलं. “तुह्या आज्याले कोणी बस म्हटलं नाई, पण त्याचं काम त परमनंट होतं.”

त्या दिवसापासून माझी नोकरी माझ्या एकट्याची राहिली नाही. तात्पुरता म्हणून हाकलला गेलो असतो, तर बाबाच्या लेखी मी आज्याच्याही खाली उतरलो असतो.

बाईंनी शब्द पाळला. पुढच्या वेळी किंकाळी घुमली आणि घुमत राहिली. आता प्रश्न उरला माकडांचा. खरखराट मधे आला की अक्षर बिघडे. त्यावर मशीनची एक फार चांगली रीत आहे. प्रत्येक अक्षरासोबत ती एक जास्तीचा आकडा पाठवते, असा की त्या अक्षरातल्या ‘एकां’ची संख्या नेहमी सम व्हावी. पलीकडची मशीन मोजते. विषम भरली, तर वाटेत काहीतरी बिघडलं हे तिला कळतं. सगळेच बिघाड यात सापडतात असं नाही, जोडीनं बिघडले तर निसटतात, म्हणून अख्ख्या ओळीचीही वेगळी बेरीज करून पाहतात. आणि चूक सापडली की पलीकडची मशीन सरळ म्हणते: समजलं नाही, पुन्हा पाठव. पहिली पुन्हा पाठवते. ना ही रागावते, ना ती लाजते. लागोपाठ फारच चुका झाल्या, तर मात्र दोघी हात टेकतात आणि लाइन सोडतात.

माझ्या मते या सगळ्या विद्येतली खरी नवलाची गोष्ट हीच. कारण आमच्या कार्यालयात पुन्हा विचारणं हा गुन्हा होता. साहेब काही पुटपुटले, तर बडे बाबू “जी साहेब” म्हणून बाहेर येत आणि मग काय म्हणाले असतील याचा अंदाज बांधत. पुन्हा विचारलं तर साहेबांना वाटेल, याला समजत नाही. शिपाई बडे बाबूंना विचारत नसे, लोक शिपायाला विचारत नसत. कॉलेजात मी एकदा सरांना पुन्हा सांगा म्हणालो, तर मागचे बाक हसले होते. आणि इथं दोन लोखंडी डबे दिवसभर एकमेकांना म्हणत होते, समजलं नाही, पुन्हा सांग. मी चुकलेली ओळही प्रिंटरवर छापली जाईल अशी व्यवस्था केली होती: आधी बिघडलेली ओळ, तिच्या खाली पुन्हा मागवलेली चांगली. साहेब म्हणाले, “चुका दाखवायच्या कशाला?” मी म्हणालो, “दुरुस्त झाल्या हे दिसावं म्हणून.” त्यांना ते पटलं नाही, पण प्रिंटर माझ्या ताब्यात होता.

मोठे साहेब आले तेव्हा कार्यालयासमोर सडा टाकला होता. बडे बाबूंनी मशीनला झेंडूचा हार घातला, मी तो काढला, त्यांनी पुन्हा घातला. मोठे साहेब उंच, सुटातले, बोलणं मऊ. त्यांनी जोडे बाहेर काढले, त्यामुळे त्या दिवशी बडे बाबूंनाही काढावे लागले. मी कॉल लावला. एक्स्चेंजवरून बाईंचा आवाज आला, “आहे का मशीनचा? बोला, बोला,” आणि लगेच शांतता. चंद्रपूरची डबी गायला लागली. प्रिंटर करकरला आणि खरेदी केंद्रांची नावं, पुढं आकडे, ओळीमागून ओळ उतरू लागली. मोठे साहेब वाकून पाहत होते.

“हे नेमकं कसं ऐकू येतं हो? फोनवर?” त्यांनी विचारलं.

“चला ना साहेब, केबिनमध्ये,” आमचे साहेब म्हणाले. केबिनमधला फोन याच लाइनीवर होता. मी म्हणालो, “साहेब, फोन उचलू नका, बिघडेल.” आमच्या साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की पाहुण्याला नाही म्हणणारा हा कोण. दोघं केबिनमध्ये गेले.

आता, आपल्याकडं फोन उचलून गप्प राहणारा माणूस जन्माला यायचा आहे. स्पीकरमधून आवाज आला, “हॅलो?”

प्रिंटरवर केंद्राचं नाव अर्धं छापलं होतं. पुढं उमटलं ते नुसतं चिन्हांचं कडबोळं. मशीननं चूक ओळखली, पुन्हा मागितली. पुन्हा ओळ आली.

“हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?”

पुन्हा कडबोळं. पुन्हा मागणी. एका ओळीवर किती चुकांनंतर दोघी हात टेकतात, ते मला ठाऊक होतं, आणि आता फार अंतर उरलं नव्हतं. मी दारातून केबिनकडं हात हलवत होतो. बडे बाबूंना वाटलं मी चहा मागतोय.

“अहो, स्पष्ट बोला! मी मुंबईहून आलोय!”

आणि तेव्हा, त्या किंकाळीच्या वर चढून, भरल्या खोलीत आवाज घुमला:

“मधात कोण बोलून राह्यलं? ठेव तो फोन! दोन मशीना कामाचं बोलून राह्यल्या, दिसत नाई का?”

“अहो, मी मुंबईहून...”

“मुंबईहून ये नाई त दिल्लीहून ये! फोन ठेव पह्यले!”

खट. या वेळी पिन निघाली नव्हती, केबिनमधला रिसीव्हर जागेवर गेला होता. मशीननं पुन्हा मागितलं. ओळ आली. स्वच्छ. तिच्याखालची स्वच्छ. खालची स्वच्छ. प्रिंटर शेवटच्या बेरजेपर्यंत गेला आणि थांबला.

मोठे साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल होते. “ती बाई कोण होती?”

आमचे साहेब म्हणाले, “कारवाई करतो साहेब. आजच.” बडे बाबू म्हणाले, “साहेब, लाइनीचाच दोष असावा.” आणि दोघांनी माझ्याकडं पाहिलं, की आता तू यातलं एक निवड. बाईचा दोष म्हटला तर बाई जाणार. लाइनीचा म्हटला तर चाचणी फसली, मी जाणार. मला दोन्ही कबूल नव्हतं. आणि गोल बोलायला मला कोणी शिकवलं नाही, आमच्या घरात तो विषयच नव्हता.

“साहेब, दोष बाईचा नाही आणि लाइनीचाही नाही. मधातला कचरा तुमच्या हॅलोचा आहे.”

बडे बाबू भिंतीला लागले.

मी कागद पुढं धरला. “मशीनला दोनच सूर समजतात. तुम्ही बोललात, तर तुमचा आवाज त्या सुरांत मिसळला. हे बघा, हे तुमचं पहिलं हॅलो. हे ‘कोण बोलतंय’. हे ‘मी मुंबईहून आलोय’.”

मोठ्या साहेबांनी चष्मा लावला. “हे मी?”

“हो साहेब.”

“आणि हे इथून इथपर्यंत?”

“ती बाई.”

“तिचं माझ्यापेक्षा बरंच लांब आहे,” ते म्हणाले. मग बोट खाली नेलं. “पण आकडे तर बरोबर दिसतात.”

“मशीननं पुन्हा विचारलं, साहेब. जोवर नीट आलं नाही तोवर विचारलं.”

“आणि बाई गप्प बसली असती तर?”

“तर तुम्ही बोलत राहिला असता, आणि मशीननं लाइन सोडली असती.”

मग त्यांनी तो भाग कागदावरून हळूच फाडला, घडी घातली आणि कोटाच्या वरच्या खिशात ठेवला. आकडे टेबलावरच राहिले. चंद्रपूर जिल्ह्याचं धान त्यांना नंतर पोस्टानं पाठवावं लागलं. स्वतःचं हॅलो मात्र ते सोबत घेऊन गेले. पुढं ऐकलं की मुंबईत आल्यागेल्याला ते कागद दाखवत, हे बघा, मशीनला मी असा ऐकू आलो. माझं कायम होणं त्या कागदाला किती चिकटलेलं होतं आणि माझ्या फिजिक्सला किती, हे मी कधी शोधायला गेलो नाही.

ऑर्डर महिन्याभरात आली. ‘तात्पुरता’ हा शब्द गेला होता. सोबत आणखी एक आदेश होता की मशीनचा कॉल चालू असताना कोणीही फोन घेऊ नये. आमच्या साहेबांनी लगेच केबिनमधल्या फोनच्या डायलला छोटं कुलूप लावलं. कुलपानं नंबर फिरवता येत नाही, पण रिसीव्हर उचलून हॅलो म्हणता येतं. साहेबांनी आदेशाचा अर्थ कोणाला पुन्हा विचारला नव्हता. टपरीवर मात्र बातमी अशी होती, की मुंबईच्या साहेबानं मशीनशी उद्धटपणा केला, तर मशीननं त्याला बाईच्या आवाजात शिवी घातली. बाईंना मी फोनवर ऑर्डरची बातमी दिली. त्या म्हणाल्या, “मले का सांगता, मी त आयकलं कालच. तुमच्या सायबाचा कॉल माह्याच इथून गेला.”

मग बाबाला घेऊन आलो. पाटी वाचता येत नव्हती तरी दारातल्या चपला पाहून त्यानंही आपल्या काढल्या, पण हात जोडले नाहीत. मी त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं. फिरती खुर्ची. तो थोडा फिरला, थांबला, मशीनकडं पाहिलं.

“इथून तुह्या निरोप गेला, त तिकडचा का म्हणते?”

“म्हणते, भेटला. नीट नाई भेटला त म्हणते, पुन्हा सांग.”

“पुन्हा सांग म्हणते? अन् हे चिडत नाई?”

“नाई.”

“तुह्या आज्यानं दोनदा विचारलं का त्याले शिवी भेटे,” बाबा म्हणाला. खुर्चीचे हात त्यानं दोन्ही पंजांनी धरून पाहिले. “ऑर्डर दाखव बरं.”

मी ऑर्डर दिली. वाचता येत नव्हतं, पण जिथं पूर्वी तो मोठा शब्द होता ती जागा मी बोटानं दाखवली. तो त्या कोऱ्या जागेकडं पाहत होता तेवढ्यात दार उघडलं आणि बडे बाबू नेहमीसारखे जोडे घालून आत आले. खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याकडं पाहून थबकले.

बाबा उठला नाही. त्यानं त्यांच्या पायांकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “भाऊ, जोडे बाहीर काढून या. मशीन आहे इथी.”

बडे बाबूंनी माझ्याकडं पाहिलं. मी बाबाच्या हातातली ऑर्डर वाचत होतो. ते मागं फिरले, आणि बाहेर, दाराच्या त्या बाजूला, लेस सोडायचा आवाज आला.